डाव्या गालावरचा हिरवा

कुडवा, गोंदिया
२१ मे २०२५

ओम,

भूमेश्वरी वहिनींशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "फोन नोका करू. फोन वाजला का तो भिंतीकडे तोंड करून घेते. चिठ्ठी लिवा, अंगणवाडीच्या पत्त्यावर टाका. मी नेऊन देईन. वाचली तर वाचली." म्हणून लिहिते आहे. घरात तुझ्या भावाला आणि आईला कळू न देता त्या हे करतायत, तेव्हा वाचून झाल्यावर उशीखाली ठेवू नकोस.

मला येऊ दे. एवढंच मागायचं आहे. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

त्या सकाळबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं तुझ्या दोस्ताकडून, मुन्नालालकडून कळलं. मोहाचे दिवस, तू सफारीसाठी गेटकडे निघालेला, कुणीतरी बाई ओरडली म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला लावलीस. मोहाखाली अस्वल, सोबत पिल्लं. बाई पळाली. तू राहिलास. पर्यटकांना तू दर वेळी सांगायचास, वाघ रस्ता सोडते, अस्वल नाही सोडत. मग थांबलास कशाला, हे विचारायला मी रागानं किती वेळा फोन उचलला आणि ठेवला.

नागपूरच्या दवाखान्यात मी वॉर्डाच्या दारापर्यंत आले होते. तुला कुणी सांगितलं नसणार. तुझे रूपलालभाऊ दारात उभे होते. नर्सनं विचारलं, या कोण? ते म्हणाले, "ओळखीची आहे." चार वर्षं एका खोलीत राहिलो आपण. एका ताटात जेवलो. तुझी आई एक दिवस हो म्हणेल, मग करू लग्न, म्हणत राहिलो. पवाराच्या घरात बौद्धाची सून, तिला वेळ लागेल, असं तू म्हणायचास आणि मी मान डोलवायचे. त्या वेळेचं हे झालं. दारातून परत फिरले आणि जिन्यात बसून राहिले.

जबड्यात तार आहे, बोलता येत नाही म्हणतात. बोलू नकोस. मी येऊन नुसती बसेन.

मी काढलेलं तुझं चित्र भिंतीवर आहे तिथंच आहे. तुझा खाकी शर्ट धुऊन ठेवला आहे.

तुझी
अलका

-----

कुडवा
२ जून

ओम,

उत्तर नाही. वहिनी म्हणाल्या, वाचलं, काही बोलला नाही, जेवला मात्र. जेवलास यावरच मी दोन दिवस काढले.

आज एक गोष्ट झाली आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू हे कळत नाही. शेजारच्या शामकलाताई आल्या होत्या. त्यांची परी माझ्याकडे चित्रकला शिकायला यायची, ती बरेच दिवस आली नाही. मला वाटलं उन्हाळा आहे, मामाकडे गेली असेल. शामकलाताई दारातच उभ्या. आत या म्हटलं तरी येईनात. मग म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू. तुम्ही परीचं ते चित्र काढलं होतं ना, लाल फ्रॉकमधलं... ते देऊन टाकता का? मेरे घर में सब लोग बोल रहे."

मी विचारलं, काय बोलतायत?

त्या पदराशी खेळत राहिल्या. "आप तो पढीलिखी हो. पर लोग बोलते."

मी चित्र काढून दिलं. त्यांनी ते कागद नाही, तापलेला तवा असावा तसं दोन बोटांत धरलं.

तुला माहीत आहे का, काय फिरतंय मोबाइलवर? जानेवारीत नागपूरच्या प्रदर्शनात तुझं चित्र लागलं होतं, पेपरात त्याचा फोटो आला होता. तो फोटो एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्यात कुणीतरी काढलेला तुझा. खाली लिहिलंय, 'पहले तस्वीर बनाई, फिर वैसा ही हुआ.' आमच्या शाळेच्या ग्रुपवरही आला. मी तो उघडला नाही, ओम. लहानसा, धूसर दिसत होता, तसाच पुसून टाकला. तुझ्या परवानगीशिवाय तुला बघायचं नाही असं ठरवलं आहे.

तुला ते चित्र पहिल्यांदा दाखवलं तो दिवस आठवतो? डावा गाल हिरवा, डावा डोळा खाली उतरलेला, जबडा एका बाजूला सरकलेला, नाकाच्या जागी एकच तिरपी रेघ. तू खुर्ची उलटी करून बसलास, बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "अलके, माहा जबडा कुठी गेला व?" मग दोघंही हसलो. मी तुला समजावलं होतं. जिप्सीत पुढं बसून तू मागं वळून लोकांना काही दाखवत असतोस ना, तेव्हा तुझं तोंड एकाच वेळी दोन दिशांना असतं, अर्धं जंगलाकडं, अर्धं माणसांकडं. जंगलाकडचा गाल सावलीचा हिरवा दिसतो. एका बाजूनं चेहरा काढला असता तर तो कुणीतरी खाकी शर्टातला माणूस झाला असता. तू झाला नसतास. तुला ते पटलं होतं. नंतर मुन्नालालला तूच समजावून सांगत होतास.

आता लोक त्याच हिरव्याकडं बोट दाखवतात.

चित्राचा आणि याचा काही संबंध नाही. हे मी तुला सांगते आहे की स्वतःला, माहीत नाही. मी एक खोटं लिहिलं होतं मागच्या पत्रात. चित्र भिंतीवर आहे, पण त्याचं तोंड भिंतीकडं आहे. अपघाताचा फोन आला त्याच दिवशी मी ते उलटं केलं. का केलं? मला माझ्या हाताची भीती वाटली.

एक ओळ लिही. शिवी लिही.

अलका

-----

कुडवा
१४ जून

ओम,

काल रूपलालभाऊ आले होते. माझी आई सध्या माझ्याकडे राहायला आली आहे, तिनं दार उघडलं. चार वर्षांत तुझ्या घरचं माणूस आपल्या खोलीत पहिल्यांदा आलं. पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. उभ्यानंच खोली पाहिली. तुझे बूट अजून दाराशी आहेत, त्यांच्याकडे पाहून त्यांनी मान फिरवली.

म्हणाले, "ते चित्र कुठी आहे?"

मी दाखवलं. उलटं होतं. ते म्हणाले, "सीधं नोको करू. असूं दे."

मग खाली बसले आणि सगळं सांगितलं. तुझी जखम भरत नाही. गालातून पाणी येतं. नागपूरच्या डॉक्टरांनी पुढचं ऑपरेशन लांबवलं आहे. आईनं एका पुजाऱ्याला विचारलं, आणि तो म्हणाला, पोराचा जीव तसबिरीत बांधला आहे. जिनं बांधला तिच्याच हातानं ती जळली पाहिजे, घरासमोर, सगळ्यांच्या देखत. तर जखम भरेल.

"जाळून दे," रूपलालभाऊ म्हणाले. "मंग तुले त्याले भेटू देतो. माय बी नाही अडवणार. राह्यची असन तर राहा."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही बी.एस्सी. झालात. तुम्हाला हे पटतं?"

ते चिडले. "मले काय पटते त्याचा सवाल नाही. मायले पटते. ते रात्रंदिस त्याच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजून राहिली. तू कायले इतकी अकडून राहिली? कपडाच आहे ना तो? रंग लावलेला कपडा!"

आणि त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. तुझी आई होती. मी तिचा आवाज पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "बाई, माह्या पोराची जखम नाही भरून राहिली. तुह्या पाया पडतो. जाळून टाक वं." आणि रडायला लागली. ओम, मला तिचा राग करायचा होता. चार वर्षं जपून ठेवलेला राग होता तो. तो कुठं गेला कळलं नाही.

ते गेल्यावर माझी आई बोलली. तुला तर माहीत आहे कलाबाई किती कमी बोलते. "छप्पन साली तुह्या आज्यानं घरातले देव तळ्यात शिरवले. उपाशी राहिला, गावानं वाळीत टाकलं, पर परत नाही मांडले. अन् तू आता पुजाऱ्याच्या सांगण्यावरून आपलं चित्र जाळतं?"

मी म्हटलं, "आई, मला त्याला भेटायचं आहे."

"अन् उद्या लोक काय म्हणतीन? जाळलं म्हणजे कबूल झाली. हिनंच केलं होतं, म्हणून हिच्या हातानं सुटलं. आज चित्र आहे, उद्या तुले जाळतीन. अशा बाया गावागावात मारल्या लोकायनं, तुले ठाऊक नाही का?"

तिचं खरं आहे. मला माहीत आहे तिचं खरं आहे. आणि त्याच वेळी, हे लिहायला लाज वाटते, मनाच्या एका कोपऱ्यात मी विचार करते आहे की समजा जखम खरंच भरली तर? मी शिकलेली, मी बाबासाहेबांच्या फोटोखाली अभ्यास केलेली पोरगी, मी असा विचार करते आहे. तुझ्या गालातलं पाणी थांबणार असेल तर मी माझे हातही जाळीन, चित्राचं काय घेऊन बसलास.

पण तुझं चित्र आहे ते. माझ्याइतकंच तुझं. तू सांग. जाळू का? फक्त हो किंवा नाही, एवढं वहिनींजवळ सांग. मान हलवलीस तरी त्या मला कळवतील. मी थांबते.

अलका

-----

कुडवा
२२ जून

ओम,

काहीच नाही. मानही नाही.

वहिनी म्हणाल्या, त्यांनी तुला वाचून दाखवलं, आणि तू डोळा मिटून घेतलास.

मग मी ठरवते. गुरुवारी चित्र घेऊन येते आहे. मुन्नालालच्या पिकअपमधून. आई बरोबर येतेय. म्हणाली, "तुह्या मतात मी नाही, पर एकटी नाही जाऊ देत."

तुझ्या घराचं अंगण मी या कामासाठी पहिल्यांदा पाहणार. काही हरकत नाही. तुझ्या दाराच्या आत पाऊल पडत असेल तर कशाहीसाठी चालेल.

काल चित्र सरळ केलं आणि त्याच्यासमोर बसले. तो हिरवा मला किती दिवस जमत नव्हता. तू रोज ड्यूटीवरून येऊन तसाच बुटांनिशी बसायचास, झोप यायची तुला, आणि मी ओरडायचे, हलू नको. त्या हिरव्याखाली आणखी दोन रंग आहेत, एक गेरूचा आणि एक काळसर निळा. आता ते कुणाला दिसणार नाहीत.

येते.

अलका

-----

कुडवा
२९ जून

ओम,

तू दार लावून घेतलंस त्यानंतरचं लिहिण्याआधी त्याच्या आधीचं लिहिते. तू आत होतास. बाहेर काय झालं ते तुला नीट कुणी सांगणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. बांधावरची माणसं काम टाकून आली होती. तुझी आई घरापुढच्या सपरीतल्या बाजेवर बसली होती. मी तिच्या पाया पडायला वाकले, तिनं पाय मागे घेतले, मग कसं कोण जाणे, हात पुढे केला आणि माझ्या केसांना बोटं लावली. विटाळ वाटला असेल किंवा दया आली असेल. मी तेवढ्यानं कोलमडले असते. पुजारी एका बाजूला लिंबं मांडून बसला होता. मुन्नालालनं चित्र आणून मधोमध ठेवलं. वरची चादर काढल्यावर लोक मागे सरकले.

रूपलालभाऊंनी माझ्या हातात पेट्रोलची बाटली दिली. "तुह्याच हातानं," म्हणाले. ते दुष्ट नाहीत. तेही माझ्यासारखेच, कशालाही तयार झालेले.

माझी आई मागून एवढंच म्हणाली, "अलका, सोच."

मी बाटलीचं झाकण फिरवायला लागले. ते निघेना. हसू येईल इतकं घट्ट बसलेलं होतं. मी तोंडानं उघडायचा प्रयत्न केला. तेवढ्यात आतून आवाज आला. वहिनी तुला धरून दारात उभ्या होत्या.

ओम, तू किती वाळला आहेस. लुंगी, बनियन, आणि तोंडाभोवती पांढरा दुपट्टा. तू काहीतरी बोललास. कुणालाच कळलं नाही. परत बोललास. रूपलालभाऊ म्हणाले, "का म्हणतं गा? आत जा, उजेड लागते डोळ्याले." तू मान हलवलीस. आणि दुपट्टा सोडलास.

तू फक्त माझ्याकडेच पाहत होतास, म्हणून बाकीचे तुला दिसले नसतील. मी सांगते. एक लेकरू किंचाळलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड पोटात लपवलं. पुजारी लिंबांकडे पाहायला लागला. तुझा भाऊ पाठमोरा झाला. तुझी आई रोज बघते म्हणून ती पाहत राहिली. आणि माझी आई. तिनं तोंडावर हात ठेवला, पण नजर नाही काढली. तिचा तुझ्यावर राग होता, तिला तू जावई म्हणून नको होतास, आणि तिनं नजर नाही काढली.

मी बाटलीच्या झाकणाकडे पाहिलं.

एका श्वासाइतकंच. परत वर पाहिलं तेव्हा तू पाहत होतास. आणि तू म्हणालास, "तू बी."

त्या दिवसात तुझे एवढेच दोन शब्द सगळ्यांना स्पष्ट कळले.

मग तू खाली उतरलास, चित्र दोन्ही हातांनी उचललंस. मुन्नालाल मदतीला आला तर त्याला कोपरानं ढकललंस. आत गेलास. दाराची कडी लागली ते मी ऐकलं. मी दार वाजवत राहिले, ओम. किती वेळ ते माहीत नाही. शेवटी तुझी आईच माझ्याजवळ आली. "जा बाई," म्हणाली. "आता तो नाही उघडत. मी त्याची माय आहो, मले ठाऊक आहे."

जळलं नाही म्हणून लोक नाराज होऊन गेले. परतीच्या वाटेवर आईनं माझा हात धरून ठेवला होता, मी उतरून पळेन की काय अशा भीतीनं.

मला बोलाव.

अलका

-----

कुडवा
९ जुलै

ओम,

शाळा सुरू झाली. चौथीच्या वर्गात चेहरा काढायला शिकवायचं होतं. फळ्यावर अंडाकृती काढली, मधून उभी रेघ, डोळ्यांची आडवी रेघ. आणि डावा डोळा काढता येईना. मुलं वाट पाहत बसली. एक जण म्हणाला, "मॅडम, एकच डोळा ठेवायचा का?" मी खडू ठेवून बाहेर आले.

तुझे जुने फोटो काढून तुझा चेहरा जसाच्या तसा काढायचा प्रयत्न केला. वाटलं, तुझ्या आईला नेऊन देईन, बघा, हा तुमचा मुलगा, यात काही तिरपं नाही. कागदावर कागद गेले. नाक सरळ आलं, जबडा जागेवर आला, आणि तो तू नव्हतास. पोलीस भरतीच्या अर्जावरचा कुणीतरी माणूस होता. सगळे फाडले.

तुला एक सांगायचं राहिलं आहे, ते सांगते, मग तू मला वाटेल ते म्हण. मोबाइलवरचा तो फोटो मी तुझ्या परवानगीसाठी थांबून पुसला नव्हता. मला भीती वाटली होती. भीतीला मी चांगलं नाव दिलं. आणि त्या भीतीपायी मी मनातल्या मनात एक सोय करून घेतली. तुझी जखम माझ्या चित्रासारखी असेल असं धरून चालले. डोळा थोडा खाली असेल, जबडा सरकलेला असेल, रंग वेगळा असेल. सरळ, स्वच्छ कडांचं काहीतरी. मी तर हे आधीच पाहिलेलं आहे, असं स्वतःला सांगत अंगणात उभी होते. लोकांना चित्र आणि तू सारखे दिसता, आणि लोकांना हसता हसता मीही तेच करत होते.

तू दुपट्टा सोडलास आणि मला कळलं, काही सारखं नाही. माझ्या चित्रात काहीच दुखत नव्हतं. तुझ्या तोंडावर सगळं दुखत होतं. म्हणून नजर गेली. किळस आली म्हणून नाही. हे तू मानशील का? मीच तुझ्या जागी असते तर मानलं नसतं.

काल मी चांदाफोर्टच्या पॅसेंजरनं तुझ्या सौंदडला आले होते. स्टेशनवर उतरले. फलाटावरच्या बाकावर बसले. गावात जाणारी माणसं निघून गेली. धानाचे परे घेऊन रोवणीला निघालेल्या बायांचा एक ट्रॅक्टर फाटकापाशी थांबला होता, त्यातली एक दुसरीला म्हणाली, "ते पाह्य, तेच व ते, चित्रवाली." मी उठले नाही. परतीची गाडी आली तिच्यात बसले. तुझं घर तिथून किती जवळ आहे, आणि मला तेवढंही चालता आलं नाही.

चित्र तुझ्याकडे आहे. जाळ, ठेव, गोठ्याला आडोसा म्हणून लाव. मी परत मागणार नाही. मला ते नको आहे. मला तू पाहिजेस, जसा असशील तसा, आणि मी हे लिहितानाही मला ठाऊक आहे की तुझ्यासमोर उभी राहिले तर माझे डोळे काय करतील याची मला खात्री नाही. खात्री असती तर कडी तोडून आत आले असते.

हाकलायचं असेल तर समोर बोलावून हाकल. असं भिंतीकडं तोंड करून नको. मी खाते, झोपते, शाळेत जाते, आणि यातलं काही खरं नाही.

अलका

-----

सौंदड
२१ जुलै

अलका,

एका डोळ्यानं लिवून राहिलो, अक्षर वाकडं येते. समजून घेजो.

तुह्या साऱ्या चिठ्ठ्या वाचल्या. पहिली बी वाचली होती. जबाब देनं जमलं नाही. काऊन, ते मले बी सांगता नाही येत.

त्या दिवशी मी रागात होतो. तुह्यावर कमी, सर्व्यांवर जास्त. घरासमोर माहं मयत मांडल्यासारखी गर्दी, अन् तू ते बाटली घेऊन उभी. मी काय म्हणलो ते कोणाले समजलं नाही. मी म्हणलो, जाळू नोको, ते माहं आहे.

चित्र खोलीत आणलं. पहिले उलटं ठेवलं, तुह्यासारखंच. मंग सीधं केलं. दिवसभर दुसरं काय पाहू? मायनं घरातले आरसे काढून टाकले. मोटरसायकलचा बी आरसा काढला रूपलालनं. मले वाटलं होतं, ते माह्यासाठी काढले. मंग वाटलं, सोतासाठी काढले असतीन.

मागच्या आठवड्यात भूमेश्वरी वहिनीले म्हणलो, आरसा दे. ते नाही म्हणाली. रडली. मी हात जोडले तवा तिनं अंगणवाडीतला पोरायचा लायना आरसा आणला, लाल पलाष्टिकचा. मी घेतला अन् पाह्यलं.

अलका, माही बी नजर गेली. मी सोताच सोताले नाही पाहू शकलो. आरसा पालथा केला न् घामानं ओला झालो. तवा मनात आलं का मी तुले "तू बी" म्हणलो. अन् मंग मी कोन?

दुसऱ्या दिवशी परत पाह्यलं. थोडासा वेळ. तिसऱ्या दिवशी अजून थोडा. डाव्या बाजूनं गालाची कातडी जाड होऊन राहिली, पाणी कमी झालं. डॉक्टर म्हणे, भरून राहिली. माय म्हणते, पुजाऱ्याच्या लिंबानं. म्हणू दे. आता सकाळी मी सपरीत येऊन बसतो. रोवणीच्या बाया जातात, पहिल्या दिवशी पदर घेऊन पळाल्या. आता एकजण विचारते, "का गा ओमेश्वर, जेवला का?" मी मान हलवतो.

मायले सांगतलं, अलका येईन. माय तांदूळ निवडत बसली. रूपलाल बोलला, पर त्याचं मी पाहून घेईन.

रविवारी सकाळच्या गाडीनं येजो. स्टेशनावर बसून वापस नोको जाऊ. मुन्नालालले सांगतो, तो फाटकापाशी उभा राहीन. तुह्या मायले बी आणजो. रंग, कागद काही आणू नोको. नुसती ये.

मी सपरीत बसून असन. तोंडावर दुपट्टा नाही राहणार. पहिले तुही नजर जाईन. जाऊ दे. मी काही म्हणणार नाही. मंग परत पाह्य.

ओम